पुष्पगुच्छासाठी बागेत कोणती फुले लावावीत?

(मंडळाच्या वर्धापनदिनी सभासद भगिनींपुढे दिलेले भाषण)



वर्धापनदिनाला काहीतरी उपयोगाचे बोला, अशी चिटणीसबाईंची आज्ञा आहे. बागेची हौस आपल्यापैकी पुष्कळजणींना आहे. कुणाच्या घरापुढे चार हात अंगण आहे, कुणाची गच्ची आहे, तर कुणाची गॅलरीतली कुंड्यांची रांग. पण कुणाला गुच्छ न्यायचा झाला, की आपण सगळ्याच बाजार गाठतो. घरी बाग असताना असे का व्हावे, आणि ते टाळायचे तर बागेत काय लावावे, एवढाच आजचा विषय.

याचे कारण आपल्या भाषेतच सापडते. आपण फुले तोडतो, खुडतो, वेचतो. ‘फुले कापली’ असे कुणी म्हणत नाही. परडी घेऊन जायचे आणि नखाने देठ मोडून नुसते फूल घ्यायचे, हेच लहानपणापासून आपल्या हाताला शिकवलेले. देवाला वाहायचे, हार करायचा, गजरा नाहीतर वेणी गुंफायची, यांपैकी कशालाच लांब दांडा लागत नाही. त्यामुळे झाड निवडताना आपण फुलाचा रंग पाहिला, वास पाहिला, पण दांडा कधी पाहिला नाही. बाजाराला मात्र हा भेद नेमका ठाऊक आहे. पुण्याच्या मार्केट यार्डात एकच गुलछडी दोन भावांनी विकली जाते. सुट्टी फुले किलोवर आणि दांड्यासकटची असली तर ‘काडी’ म्हणून वेगळी. आपल्या बागा आजवर सगळ्या सुट्ट्या फुलांच्या आहेत. गुच्छासाठी काडीची फुले हवीत.

आणि गुच्छ हवा कशाला, असेही कुणी विचारील. तो प्रश्न योग्यच आहे. सत्काराचा गुच्छ आपण सर्वांनी पाहिला आहे. चकचकीत प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेला, आत हिरव्या स्पंजात खोचलेला. टाळ्या होतात, छायाचित्र निघते आणि तो गुच्छ टेबलावर तसाच राहतो. तो कागद मातीत जिरत नाही, आणि तो हिरवा स्पंजही एक प्रकारचे प्लॅस्टिकच आहे. त्याचा नुसता भुगा होतो. अशा गुच्छासाठी बागेत जागा अडवावी, असे मी सांगणार नाही. पण आपले मंडळ दर महिन्याला आजारी किंवा घरातून बाहेर न पडू शकणाऱ्या सभासदांना भेटायला जाते. त्या बाईच्या उशाशी आपण ठेवून येतो ते फूल, आपण निघून आल्यावरही आठ दिवस तिला सोबत करणारे असले पाहिजे. म्हणून फुलाची निवड करताना ते झाडावर किती छान दिसते हे विचारू नये. पाण्यात किती दिवस टिकते हे विचारावे.

तेव्हा बी विकत घेण्यापूर्वी प्रत्येक फुलाला तीन प्रश्न विचारा. पहिला, दांडा निदान वीतभर तरी लांब आणि ताठ आहे का? दुसरा, पाण्यात पाच-सहा दिवस टिकते का? तिसरा, एकदा कापल्यावर झाड पुन्हा फुटते का, की एका गुच्छातच वाफा रिकामा होतो?

या परीक्षेत आपली काही लाडकी फुले नापास होतात, हे आधीच सांगून टाकते. पारिजातक रात्री फुलतो आणि पहाटे आपण होऊन गळतो. त्याला कापणार कसे? जास्वंदीचे फूल बहुतेक एका दिवसाचेच असते. ते पाण्यात ठेवा नाहीतर कोरड्या ताटात, संध्याकाळी मिटायचे ते मिटतेच. गुलबक्षी संध्याकाळी उमलून सकाळी मावळते. तेरड्याचे फूल दांड्याला चिकटून पानाआड बसते. कर्दळ लांबून मोठी ऐटदार दिसते, पण कापून आणली की दुसऱ्या दिवशी मान टाकते. मोगरा, जाई, जुई यांची जागा ओंजळीत आणि केसांत आहे. ही झाडे उपटा असे कोण म्हणेल? ती आहेत तिथेच राहू देत. त्यांच्या शेजारी एक वेगळा वाफा करायचा, इतकेच.

आता त्या वाफ्यात काय लावायचे ते ऋतूंप्रमाणे पाहू.

पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात, दोन्हीकडे हाताशी येणारे फूल म्हणजे झिनिया. नवशिक्या बाईने पहिले बी याचेच घ्यावे. बी थेट वाफ्यात टाकता येते आणि साधारण दोन महिन्यांत फूल हाती लागते. दोन रोपांत एक फूट अंतर हवे. दाटी झाली की पावसाळी हवेत पानांवर पांढरी भुरी धरते. रोप वीतभर वाढून थोडे अंग धरू लागले की त्याचा शेंडा खुडायचा. हे करताना जीव थोडा कचरतो, पण खुडलेल्या शेंड्याखालून चार फांद्या फुटतात आणि एका फुलाच्या जागी चार लांब दांडे मिळतात. पुढेही जितके कापाल तितके ते फुलते. झाडावर बी धरू दिले, की मात्र झाड आपले काम संपले असे समजते.

झिनियाच्या जोडीला गलांडा लावावा. तो उन्हाला डरत नाही, पाणी कमी मागतो, आणि एप्रिल-मेमध्ये नळाचे पाणी आटले तरी तग धरतो. कॉसमॉस वाऱ्यावर डोलणारे नाजूक फूल आहे. पाण्यात चार-पाच दिवसच टिकते, पण गुच्छाला हलकेपणा आणते. कोंबड्याचे मखमली तुरे पुष्कळ दिवस टिकतात आणि उलटे टांगून वाळवले तर पुढेही कामी येतात. झेंडू आपण दसऱ्यापुरताच ओळखतो. उंच जातीच्या झेंडूचा दांडा चांगला लांब निघतो. फक्त त्याची पाने पाण्यात बुडू देऊ नयेत, नाहीतर दुसऱ्या दिवशी पाण्याला वास सुटतो आणि दोष बिचाऱ्या फुलावर येतो.

हिवाळा हा काडीच्या फुलांचा खरा हंगाम. त्यात पहिला मान अ‍ॅस्टरला. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने अ‍ॅस्टरच्या ‘फुले गणेश’ नावाच्या जाती काढल्या आहेत. त्यांत पांढरा, गुलाबी, जांभळा असे रंग मिळतात. सप्टेंबरअखेरीस रोपे करावीत, महिन्याने वाफ्यात लावावीत, म्हणजे थंडीत फुले येतात आणि पाण्यात आठवडाभर टिकतात. दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवाव्यात. अ‍ॅस्टरचे बी लवकर जुने होते, म्हणून दर वर्षी ताजे घ्यावे. आणि एकाच जागी वर्षानुवर्षे अ‍ॅस्टर लावू नये. मातीत मर रोग राहतो आणि उभी रोपे माना टाकतात. झिनियाप्रमाणे अ‍ॅस्टर पुन्हा पुन्हा फुटत नाही, म्हणून दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने थोडी थोडी रोपे लावावीत.

शेवंती तर टिकण्यात सर्वांची थोरली बहीण. दहा-बारा दिवस ती सहज निभावते. जुन्या झाडाच्या बुडाशी फुटलेले कोंब उन्हाळ्याच्या अखेरीस वेगळे करून लावायचे आणि पावसाळाभर शेंडे खुडत राहायचे. दिवस लहान होऊ लागले, रात्र वाढली, की ती कळ्या धरते. म्हणूनच जिच्या शेवंतीच्या कुंड्या रस्त्याच्या दिव्याखाली आहेत, तिने त्या आजच हलवाव्यात. रात्रभर उजेड मिळाला की शेवंतीला दिवस लहान झाल्याचे कळतच नाही, आणि मग ‘खत घातले, पाणी घातले, तरी कळी का नाही?’ अशी तक्रार ऐकू येते.

ग्लॅडिओलसचे कंद सप्टेंबर-ऑक्टोबरात लावले की दोन-तीन महिन्यांत फुलतात. सगळे कंद एकाच दिवशी लावू नयेत. दर पंधरा दिवसांनी पाच-पाच लावले, तर फुलेही पंधरा-पंधरा दिवसांनी मिळत राहतात. दांडा कापताना हात आवरायला हवा. लांब दांड्याच्या मोहाने बुडापासून कापला, तर खालच्या कंदाला पोसायला पाने उरत नाहीत आणि पुढच्या वर्षी फूल येत नाही. निदान चार पाने झाडावर ठेवावीत. पुढे पाने पिवळी पडली की कंद काढून सावलीत वाळवावेत आणि हवेशीर जागी ठेवावेत.

उन्हाळा संपता संपता आणि पावसाळ्यात निशिगंध. त्याचे कंद मार्च ते मेच्या दरम्यान लावले की तीन-चार महिन्यांत फुले येतात आणि तोच वाफा दोन-तीन वर्षे चालतो. एकेरी पाकळीचा निशिगंध वासाला तीव्र, हारांना चांगला. गुच्छासाठी दुहेरी पाकळीचा घ्यावा. पण एक सूचना. आजारी माणसाच्या बंद खोलीत रात्री निशिगंध ठेवू नये. त्या वासाने कित्येकांचे डोके चढते. तिथे झिनिया, अ‍ॅस्टर अशी वासाने सौम्य फुलेच बरी. इस्पितळात न्यायची असली तर फुले चालतात का, हेही आधी विचारून घ्यावे. अतिदक्षता विभागात ती चालत नाहीत.

गुलाबाशिवाय गुच्छ कसला, असे म्हणणाऱ्या भगिनी इथे असतीलच. घराच्या अंगणात ग्लॅडिएटरसारखा जुना, काटक लाल गुलाब लावावा. बाजारात दिसणारे लांब दांड्याचे ‘डच’ गुलाब तळेगाव दाभाड्यासारख्या ठिकाणी हरितगृहात, प्लॅस्टिकच्या छताखाली बेतशीर पाण्याखतावर वाढतात. त्यांची रोपे आणून अंगणात तशाच फुलाची वाट पाहण्यात अर्थ नाही. जरबेरा कुंडीत जमतो, पण त्याच्या मधल्या गड्ड्यावर माती येता कामा नये, आणि फूल कात्रीने न कापता बुडाशी धरून हलकेच बाजूला ओढून काढावे.

नुसत्या फुलांनी गुच्छ होत नाही. मध्ये हिरवे काही हवे. त्यासाठी बाजारात जायचे कारण नाही. नेच्याची पाने आणि शतावरीच्या जातीच्या शोभेच्या झाडाचे झुबके आहेतच. शिवाय आपल्या स्वयंपाकघरामागे डोकावून पाहा. फुलावर आलेली कोथिंबीर पांढऱ्या जाळीसारखी दिसते. शेपूचा पिवळा तुरा तर छत्रीसारखा उघडतो. सब्ज्याच्या मंजिऱ्या मंद वास देतात. भाजी जून झाली म्हणून आपण जी रोपे उपटून टाकतो, त्यांतली चार गुच्छासाठी राखली तर काय बिघडेल?

आता कापण्याविषयी. देवाला कळी वाहू नये असे आपण ऐकत आलो, पण गुच्छासाठी काही फुले कळीतच कापावी लागतात. ग्लॅडिओलसच्या तळाच्या एक-दोन कळ्यांनी रंग दाखवला, किंवा निशिगंधाची खालची एक-दोन फुले उमलली, की कापावे. वरच्या कळ्या पाण्यात एकेक उमलतात. गुलाबाची बाहेरची पाकळी सैल झाली की घ्यावा. उलट झिनिया, झेंडू आणि अ‍ॅस्टर पूर्ण उमलल्यावरच कापावेत. ते कळीत कापले तर पाण्यात उमलत नाहीत. झिनियाची परीक्षा सोपी आहे. फुलाखाली वीतभर अंतरावर दांडा चिमटीत धरून हलवा. वर मान ताठ राहिली तर फूल तयार. मान लचकली तर अजून दोन दिवस थांबा.

वेळ सकाळची, उन्हे चढण्यापूर्वीची. रात्रभरात दांडा पाण्याने भरलेला असतो. कात्री धारदार हवी. बोथट कात्रीने दांडा चेंगरतो. सोबत पाण्याची बादली न्यावी आणि कापलेले फूल लगेच पाण्यात ठेवावे. दांड्यात पाणी चढते ते केसांएवढ्या बारीक नळ्यांतून. दांडा कोरडा राहिला की त्या नळ्यांत हवा शिरते, आणि पुढे फूल गळ्याइतक्या पाण्यात असूनही तहानलेले राहते. म्हणून घरी आणल्यावर बोटभर दांडा पाण्याखाली धरून तिरपा कापावा, बुडणारी पाने काढून टाकावीत, आणि फुले तासभर सावलीत पाण्यात विसावू द्यावीत. मग गुच्छ बांधावा.

फुलदाणी घासून घ्यावी, अगदी दुधाच्या भांड्यासारखी. पाणी रोज बदलावे आणि एक दिवसाआड दांडा थोडा कापावा. अ‍ॅस्पिरिनची गोळी, तांब्याचे नाणे असे पुष्कळ उपाय सांगितले जातात. स्वच्छ पाण्याइतका भरवसा त्यांतल्या कशाचाही नाही. साखर एकटी कधीही घालू नये, ती फुलांआधी पाण्यातले जंतू खातात. जरबेऱ्याला दोन बोटे पाणी पुरते. जास्त पाण्यात त्याचा दांडा सडतो. आणि फुलदाणी पिकल्या केळ्या-आंब्यांजवळ ठेवू नये. पिकत्या फळांतून जो वायू निघतो, त्याने फुलेही लवकर म्हातारी होतात. फुले उभी राहत नसतील, तर हिरव्या स्पंजाऐवजी तारेच्या जाळीचा चुरगळलेला गोळा फुलदाणीत बसवावा. तो धुऊन वर्षानुवर्षे वापरता येतो.

हे सगळे ऐकून, ‘एवढे माझ्या चार कुंड्यांत कसे मावायचे?’ असे कुणाच्या मनात आले असेल. ते मावणारच नाही, आणि एकटीने सगळे लावूही नये. इथे मंडळाचा उपयोग. ज्यांना अंगण आहे त्यांनी निशिगंध, ग्लॅडिओलस आणि गुलाब घ्यावा. गच्चीवाल्यांनी झिनिया, गलांडा आणि झेंडू. गॅलरीत निदान चार तास ऊन येत असेल, तर तिथे शेवंतीच्या दोन कुंड्या आणि कोथिंबीर-शेपूचा एक ट्रे. एकीच्या घरी एकच जात, पण दहाजणींची मिळून पुरी बाग. बी आणि कंद एकत्र आणले तर स्वस्तही पडतील.

शेवटी एक गोष्ट बोलायची आहे. ती थोडी अवघड आहे, पण आजच्या दिवशी बोललेच पाहिजे.

आपल्या हळदीकुंकवात फूल कुणाला मिळते आणि कुणाला मिळत नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. तबक घेऊन आपण ओळीने जातो, आणि काही भगिनींपाशी आल्यावर हात जरा घुटमळतो, मग तबक पुढे सरकते. त्या भगिनीही अशा वेळी स्वयंपाकघरात काहीतरी काम काढून आधीच उठून गेलेल्या असतात. त्यांनी मंडळासाठी इतरांइतकेच केले आहे, काहींनी जास्तच. २०२२ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांच्या अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव केला. एक खेडे हे करू शकते, तर आपण एक फूल देऊ शकणार नाही का? गजऱ्याला आणि वेणीला आपण नाना अटी चिकटवून ठेवल्या आहेत. गुच्छाला अजून कुणी अट घातलेली नाही. तो सवाष्णीला देता येतो, विधवेला देता येतो, लग्न न केलेलीला देता येतो, आणि तो घेऊन घरी जाताना कुणालाही मान खाली घालावी लागत नाही.

मघाशी अ‍ॅस्टरच्या जातींचे नाव सांगितले. त्यातले ‘फुले’ हे आडनाव आहे, हे आपल्या ध्यानात आले असेलच. जोतीरावांचे घराणे मूळचे गोऱ्हे. फुलांचा व्यवसाय करू लागले म्हणून फुले झाले. त्याच जोतीरावांनी आणि सावित्रीबाईंनी १८६३ साली पुण्यात, फसलेल्या विधवांना सुखरूप बाळंत होता यावे म्हणून स्वतःच्या घरी आसरा दिला. ज्या शहरात ते घडले, त्या शहरात त्यांच्या नावाचे फूल कुणा बाईला नाकारले जाऊ नये, इतकेच मला वाटते.

म्हणून मंडळापुढे माझी सूचना अशी. पुढच्या वर्धापनदिनाला बाजारातून एकही गुच्छ आणू नये. ज्या भगिनी बाग लावणार असतील, त्यांनी आपली नावे आणि आपण घेणार ती फुलाची जात आज जाताना चिटणीसबाईंकडे लिहून द्यावी. आणि पुढच्या वर्षी या सभागृहात येणाऱ्या प्रत्येक बाईच्या हातात, दारातच, आपल्या बागेतली एक काडी द्यावी. कुणाचे कपाळ न पाहता. दारात उभे राहून ती देण्याचे काम, आजवर जिच्यापुढून तबक सरकत गेले, अशा एखाद्या वडीलधाऱ्या भगिनीने पत्करावे, अशी माझी विनंती आहे.